कुडाच्या घराचा माग

वाड्याहून किंवा भिवंडीहून येणारी एसटी माजिवड्याचा नाका ओलांडते, कॅडबरीपाशी येते आणि कंडक्टर दोनदा घंटी ओढून सांगतो, "चला, खोपट उतरणारे पुढे या." गाडीतले निम्मे लोक पिशव्या सांभाळत उठतात. गणपतीच्या दिवसांत तर डेपोच्या आवारात पाय ठेवायला जागा नसते. मी याच भागात लहानाचा मोठा झालो. हे नाव पत्त्यात इतक्या वेळा लिहिले की त्याचा अर्थ मनात यायचाच बंद झाला होता.

खोपट म्हणजे झोपडी. त्यातही साधी, काठ्यांची आणि गवताची. खोप, खोपी, खोपटी, खोपा हे सगळे एकाच घरातले शब्द. शेताच्या राखणीला बांधतात ती खोपी, सुगरण विणते तो खोपा. आमच्या खोपटात आता वीस-वीस मजल्यांच्या इमारती आहेत, एसटीचा डेपो आहे, सिद्धेश्वर तलावाचा काठ चारही बाजूंनी बांधून निघाला आहे. ज्या वस्तूचे नाव गाडीच्या पाटीवर लिहिलेले असते, ती वस्तू मात्र इथे एकही नाही. ती बघायची असेल तर रिक्षाने वर्तकनगर, उपवन असे करत येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी जायचे, वनखात्याच्या नाक्यावरून चढ चढायचा आणि वरच्या पाड्यांवर पोहोचायचे. खोपटापासून जेमतेम अर्ध्या तासाचा रस्ता. या लेखात मला त्या वस्तूचा माग काढायचा आहे. कुडाच्या घराचा.

ठाण्याच्या नकाशावर बोट फिरवले तरी लक्षात येते की हे शहर वस्त्या गिळत मोठे झाले. नौपाडा, पाचपाखाडी, चेंदणी कोळीवाडा, वाघबीळ. पाडा, पाखाडी, कोळीवाडा हे शब्द इथे नुसती नावे नव्हती, त्यांत कोण कुठे राहतो ते सांगितलेले असे. वारली आदिवासींची वस्ती तो पाडा, ठाकरांची ती वाडी, कोळ्यांचा तो वाडा. पाखाडी म्हणजे गावाचा एक भाग. वसई-वांद्र्याकडच्या जुन्या ख्रिस्ती गावांतही हा शब्द आजवर टिकला आहे. शहरात पाड्याचा पत्ता उरला, पाडा गेला. येऊरला पाटोणापाडा, जांभूळपाडा, रोणाचा पाडा अजून आहेत. त्यांत माणसे राहतात, कोंबड्या फिरतात, पावसाळ्यात खाचरांत भात लावला जातो.

आणि हे सगळे एका बेटावर आहे. ठाणेकरांना आपण बेटावर राहतो हे सहसा आठवत नाही, कारण बेटाचा काठ दिसतच नाही. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी, आणि मधली भूमी ती साष्टी. सहासष्ट गावांची म्हणून साष्टी. पलीकडचे कळवा, डोंबिवली, कल्याण मुख्य भूमीवर, अलीकडचे ठाणे बेटावर. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्याला येऊन थांबली, कारण पुढे पाणी होते. खाडीवर पूल झाला तेव्हा १८५४च्या मे महिन्यात गाडी कल्याणला पोहोचली. म्हणजे आपल्या रेल्वेच्या पहिल्या वर्षभराचा सगळा इतिहास मुंबई आणि साष्टी या दोन बेटांवरचा आहे. साष्टीच्या पोटात डोंगर आहे, डोंगरावर जंगल आहे, आणि त्या जंगलाच्या ठाण्याकडच्या कुशीत येऊर.

उष्ण हवेतल्या बेटावर घर बांधायचे तर दोन शत्रू: पाऊस आणि उकाडा. आमच्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत. पुढे ऑक्टोबरची लाही, मग चैत्र-वैशाखाचा घाम. फिलिपाईन्सच्या बेटांवर लोकांनी यावर बांबूचे आणि निपा पामच्या पानांचे घर शोधले, बहाय कुबो, खांबांवर उचललेले, खालून वारा आणि पुराचे पाणी जाऊ देणारे. आमच्या वारल्याने घर उचलले नाही. त्याने उंचवट्यावरची जागा पाहिली, हातभर जोते घातले आणि भिंतीच श्वास घेतील अशा केल्या. दोन्हींत डोके तितकेच आहे.

एक घर मी जवळून पाहिले ते असे. आधी मेढी रोवतात. मेढ म्हणजे वर बेचके असलेला खांब, सागाचा किंवा ऐनाचा. त्या बेचक्यात आडवे लाकूड बसते, खिळा लागत नाही. सगळ्यांत उंच आडवे लाकूड ते आढे. आढ्यावरून दोन्ही बाजूंना वासे उतरतात, वाशांवर कांब्या, कांब्यांवर गवत किंवा भाताचा पेंढा. छपराचा उतार इतका खोल आणतात की वळचणीखाली शिरताना मोठ्या माणसाला वाकावेच लागते. पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात, म्हणून. छपराला धुराडे नसते. चुलीचा धूर गवतातून पाझरत बाहेर जातो, आणि जाता जाता गवतातली कीड मारतो, लाकडाला काळे चकचकीत करतो. ज्या घरात चूल रोज पेटते त्या घराचे छप्पर जास्त टिकते, हे तिथल्या कुठल्याही बाईला विचारावे.

भिंत म्हणजे कूड. कारवी या डोंगरातल्या झुडपाच्या काठ्या उभ्या, एकीला एक चिकटून, मध्ये आडव्या कांब्या घालून बांधलेल्या. त्यावर दोन्ही अंगांनी माती, शेण आणि भाताचा तूस कालवून लिंपण. पहिला थर हाताच्या तळव्याने दाबून बसवतात, तो काठ्यांच्या फटींत शिरतो. दुसरा थर बोटांनी गुळगुळीत करतात. मी गेलो तेव्हा एक आजी पावसाआधीचे लिंपण करत होत्या. पाटीतला गोळा उचलायचा, भिंतीवर आपटायचा, मनगट न वळवता खांद्यापासून हात फिरवायचा. भिंतीवर एकामागोमाग एक कमानी उठत होत्या, प्रत्येक कमान त्यांच्या हाताच्या लांबीची. वरचा वीतभर भाग त्यांनी मुद्दाम न लिंपता सोडला होता. मी विचारले, "आजी, एवढं का सोडलं?" त्या म्हणाल्या, "वारा कुठनं येल मग?" त्या फटींतून दुपारचे ऊन शेणाने सारवलेल्या जमिनीवर दोऱ्यांसारखे पडले होते.

त्या फटींकडे पाहताना मला आपली भाषा दिसली. आपण सिमेंटच्या घरांत राहतो आणि बोलतो मात्र कुडाच्या घरातले. एखाद्या कामाची सुरुवात केली की मुहूर्तमेढ रोवली म्हणतो. ती हीच मेढ. घर फिरले की घराचे वासेही फिरतात, ते हेच वासे. कुडास कान ठेवी ध्यान, कारण काठ्यांच्या भिंतीपलीकडचे खरोखरच ऐकू येते. वळचणीचे पाणी आढ्याला जाणे किती अशक्य, हे ज्याने गवताचे छप्पर पाहिले त्यालाच पटेल. चंद्रमौळी घरात वरून चांदणे गळते, ते पेंढा विरळ झाला म्हणून. मराठी जिथे घडली तिथे डोक्यावर आढे होते. विटांच्या भिंतीने आणि स्लॅबने आपल्याला अशी एकही म्हण दिलेली मला आठवत नाही.

माग आणखी मागे नेला तर तो दगडात जातो. येऊरच्याच डोंगररांगेत, पलीकडच्या बोरिवलीच्या बाजूला, कान्हेरीची लेणी आहेत. शंभराहून अधिक, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपास सुरू झालेली, पुढे हजारेक वर्षे वापरात असलेली. कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेली दाने तिथे भिंतींवर कोरली आहेत. तिथला मोठा चैत्य कार्ल्याच्या चैत्यावर बेतलेला. कार्ल्याला दगडी छताखाली खऱ्या लाकडाच्या वाकवलेल्या फासळ्या आजही आहेत. छत दगडाचे, त्याला लाकडाचा आधार लागत नाही. तरी त्या बसवल्या, कारण घराचे छप्पर असेच दिसते ही समजूत त्या कारागिरांच्या हातात मुरलेली होती. बिहारमध्ये बराबर टेकड्यांतल्या लोमस ऋषीच्या गुहेचे दार तर इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातले, आणि ते चक्क वाकवलेल्या वाशांच्या झोपडीचे दार आहे, ग्रॅनाइटात कोरलेले. खोपट आधी आले. भव्यता पुढे आली, आणि आली ती खोपटाचाच आकार घेऊन. काठ्या आणि गवत दोन-चार पावसाळ्यांत मातीला मिळतात, त्यामुळे दोन हजार वर्षांपूर्वीचे खोपट आपल्याला उभे मिळायचे नाही. त्याच्या रूपाचा साक्षीदार हा दगडच.

साष्टीवरची राज्ये भराभर सांगता येतात. शिलाहारांची राजधानी श्रीस्थानक, म्हणजे हेच ठाणे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादुरशाहाकडून वसईबरोबर हे बेट पोर्तुगिजांकडे गेले. १७३७ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणे घेतले, १७३९ मध्ये वसई पडली. १७७४च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकला आणि १७८२च्या सालबाईच्या तहात साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. किल्ला आज तुरुंग म्हणून उभा आहे. या सगळ्या धामधुमीत डोंगरावरच्या कुडाच्या घराला फारसा फरक पडला नसावा. राजा कुणीही असो, कारवी दारात होती आणि माती पायाखाली होती.

फरक पडला तो कायद्याने. १८६५ आणि १८७८च्या वनकायद्यांनी जंगल सरकारी झाले. कुणी कुठले लाकूड तोडायचे, कुठल्या फांद्या छाटायच्या, हे ठरवण्याचा अधिकार पाड्याकडून गेला. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची ती राबाची पद्धत. त्यासाठी झाडांचे टहाळ लागतात. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत यावरून इतकी ओरड झाली की १८८५ मध्ये सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. दुसरीकडे जमीन सावकार-जमीनदारांकडे गेली, आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी वारली जोडपीच्या जोडपी वेठीला जुंपली गेली; लग्नगडी हा शब्द त्यातून आला. ज्या जमिनीवर खोपट, ती जमीन मालकाची, म्हणून खोपटातला माणूसही मालकाचा, असा तो हिशेब होता. १९४५ मध्ये डहाणू-तलासरी भागात वारली उठले, शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत उभे राहिले, आणि त्या उठावाने वेठ मोडली. तो भाग येऊरहून बराच उत्तरेला, आता पालघर जिल्ह्यात. नातेगोते मात्र एकच.

स्वातंत्र्यानंतर डोंगर राष्ट्रीय उद्यान झाला. आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणतात ते सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. उद्यान झाले म्हणून जंगल वाचले, हे मी मनापासून मानतो. दोन्ही बाजूंनी इतके मोठे शहर दाबत असताना मध्ये बिबटे जगतात, ही साधी गोष्ट नाही. पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय काडीही उचलता येत नाही. कारवीची काठी ही काडीच. म्हणजे घराच्या मागे, दहा पावलांवर, सगळा उतार कारवीने भरलेला आहे. आणि घराचा कूड कुजला तर त्या कारवीला हात लावता येत नाही. सागाची मेढ तर दूरच. कुडाचे घर कुणी पाडले नाही. ते दुरुस्त करता येईनासे झाले. मला या सगळ्या मागोव्यात सर्वांत लागलेली गोष्ट ही. २००६च्या वनहक्क कायद्याने पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणाऱ्यांचा गौण वनोपजावरचा हक्क कागदावर मान्य केला, बांबूपासून मधापर्यंत. पण दावा करायचा, पुरावे जोडायचे, समित्यांसमोर उभे राहायचे, हे सगळे त्या माणसाने करायचे, ज्याच्या आजोबांना आपल्या घराचा पुरावा म्हणजे घरच वाटत होते.

दरम्यान सरकारी भाषेत या घराचे नावही बदलले. जनगणनेच्या तक्त्यात भिंती कशाच्या, छप्पर कशाचे, असे रकाने असतात. गवत, कुडाच्या काठ्या, माती हे सारे 'कच्चे'. घरकुलाच्या योजना याच शब्दावर उभ्या आहेत: कच्चे घर असेल तर पक्के मिळेल. पक्के घर मागणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. दरवर्षी शाकारायचे म्हणजे पेंढा हवा, माणसे हवीत, दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते. विंचू-सापाची भीती, ठिणगीची भीती. ज्या आजी लिंपण करत होत्या त्यांच्या मुलाचे घर शेजारीच आहे, सिमेंटच्या ठोकळ्यांचे, वर पत्रा. तिथे पंखा आहे, टीव्ही आहे, नातवंडांची दप्तरे खुंटीला आहेत. मे महिन्यात त्या पत्र्याखाली संध्याकाळपर्यंत बसवत नाही. त्यामुळे दुपारी सगळे कुटुंब आजींच्या कुडात येऊन आडवे होते. पक्के घर झोपायला आणि पावसाला, कच्चे घर जेवायला आणि उन्हाला, अशी त्यांनी वाटणी केली आहे.

कुडाची भिंत गेली, पण भिंतीवरचे चित्र जगभर गेले. वारल्यांत लग्नाच्या वेळी घरातल्या भिंतीवर चौक लिहितात. लिहितात, असेच म्हणतात. सवाशिणी तांदळाच्या पिठाने, काडीने, गेरू किंवा शेणाने सारवलेल्या कुडावर तो काढतात. मध्ये पालघट देवी. आणि धवलेरी लग्न लावते. धवलेरी ही बाईच असते. चौकाशिवाय लग्न पुरे होत नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर कागद आणि रंग घेऊन गेले, आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी भिंतीवरचे ते जग कागदावर उतरवायला घेतले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. आता ठाण्यात उड्डाणपुलाच्या खांबांवर, शाळांच्या कुंपणांवर, साडीच्या पदरांवर तीच त्रिकोणी माणसे नाचतात. त्या चित्रांत एक घर हमखास असते: खोल उतरलेले छप्पर, उभ्या रेघांची भिंत. त्या उभ्या रेघा म्हणजे कारवी. चित्र काढणाऱ्या शहरातल्या मुलांना त्या नक्षी वाटतात. मी मुलांना शिकवत असतो तर आधी एक काठी हातात दिली असती.

येऊरच्या डोंगरावर कारवी २०१६ मध्ये फुलली होती, नंतर २०२४ मध्ये. सात-आठ वर्षे ती नुसती वाढते, माणसाच्या डोक्यावर जाते, आणि मग एका पावसाळ्याच्या शेवटी सगळा उतार एकदम जांभळा होतो. मधमाश्यांचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येतो. फुलून झाली की ती मरते. बी सांडते आणि काठ्या उभ्याच वाळतात. पूर्वी पाड्यांवर हा घरे बांधण्याचा सुकाळ असे. २०२४ नंतरच्या उन्हाळ्यातही हजारो काठ्या तशाच उभ्या होत्या, करड्या, कडकडीत. कारवी फुलली त्याच २०२४च्या जुलैमध्ये ठाणे-बोरिवली दुहेरी बोगद्याच्या कामाचे भूमिपूजन झाले, ११.८ किलोमीटरचा रस्ता, बहुतेक सगळा याच डोंगराच्या पोटातून. बोगदा झाला की ठाण्याहून बोरिवली काही मिनिटांवर येईल. तो डोंगराच्या खालून जाईल. पाड्यांवर त्याचे तोंड उघडणार नाही. वरच्या पाड्यांवर अजून आजारी माणसाला रात्री खाली आणायचे म्हणजे कुणाची तरी गाडी मिळते का ते पाहावे लागते. लांब राहणे म्हणजे काय ते इथे किलोमीटरमध्ये मोजता येत नाही.

शहर पाड्यांना असे लांब ठेवते. वाघोबाला, वाघाच्या देवाला, मात्र पाड्यांनी लांब ठेवले नाही. शेंदूर लावलेला दगड, त्यावर कोरलेला वाघ, वाघबारशीला नैवेद्य. खाली घोडबंदर रस्त्यावर वाघबीळ नावाचा बसथांबा आहे. तिथेही वस्तू गेली, नाव उरले. वर नाव आणि बिबट्या दोन्ही आहेत, आणि संध्याकाळनंतर पोरांना अंगणापलीकडे जाऊ देत नाहीत.

पहिला पाऊस पडून गेल्यावर आजी मला खालीच भेटल्या, जांभळी नाक्याच्या बाजाराजवळ. पाटीत शेवळे होती, सोबत काकडाची फळे, कारण त्यांच्याशिवाय शेवळे घशाला खाजतात. पळसाच्या पानात बांधलेल्या जुड्या. मी दोन घेतल्या. लिंपण टिकले का, विचारले. त्या म्हणाल्या, पावसाकडच्या अंगाला दोन हात कूड उघडा पडला, काठ्या कुजल्यात, आत पाणी येते. तिथे सध्या ताडपत्री लावायची आहे. "पाटी रिकामी झाली का घेन," म्हणाल्या, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला काकडाची फळे मोजून द्यायला लागल्या. तासाभराने त्यांना मी खोपटच्या सिग्नलजवळ चालताना पाहिले. रिकामी पाटी डोक्यावर उपडी होती आणि काखेत निळ्या ताडपत्रीची घडी.